पिठाचा कोंबडा आणि पडद्यावरचे हेलिकॉप्टर

सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपते, घरातील वडीलधारी मंडळी आसन टाकून सामायिकाला बसतात, आणि नेमक्या त्याच वेळी आतल्या खोलीतून हेलिकॉप्टरच्या पात्यांचा घरघराट ऐकू येऊ लागतो. दुकान वाढवून नुकतेच घरी परतलेले वडील दाराशी क्षणभर थबकतात. मुलगा कानांना हेडफोन लावून कुणाशी तरी इंग्रजीत बोलत असतो. पडद्यावर डोंगर, समुद्र, धूर आणि शस्त्रधारी सैनिक दिसत असतात. ज्या घरात पाणी गाळून घेतले जाते, पायाखाली मुंगी येऊ नये म्हणून जपून चालले जाते, त्या घरात हे काय चालले आहे, असा प्रश्न त्यांच्या मनात उभा राहतो.

प्रश्न रास्त आहे. परंतु माल उघडून न पाहता भाव ठरवणे हा व्यापाऱ्याचा धर्म नव्हे. ‘युद्धाचा खेळ’ एवढ्या दोन शब्दांवर निकाल देण्यापूर्वी तो मुलगा तेथे नेमके काय करतो, काय शिकतो, आणि त्या शिकण्यात त्याच्या मनाचे काय होते, हे समजून घेतले पाहिजे.

रणांगणातील सारथी

इंटरनेटवरून अनेकांनी एकाच वेळी खेळायच्या लष्करी खेळांत ‘बॅटलफिल्ड’, ‘स्क्वॉड’ आणि ‘आर्मा ३’ ही नावे आपल्या तरुणांच्या तोंडी वारंवार येतात. ‘बॅटलफिल्ड’ ही स्वीडनमधील डाइस या कंपनीची निर्मिती. तिचा भर वेगावर आणि थरारावर असल्यामुळे तेथील हेलिकॉप्टर वास्तवापेक्षा पुष्कळ सोपे आहे. कॅनडातील निर्मात्यांच्या ‘स्क्वॉड’मध्ये पन्नास-पन्नास खेळाडूंचे दोन पक्ष समोरासमोर येतात, त्यात हेलिकॉप्टर २०२० साली आले. ‘आर्मा ३’ हा चेक प्रजासत्ताकातील बोहेमिया इंटरॅक्टिव्ह या कंपनीचा खेळ सप्टेंबर २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील ‘अल्टिस’ हे काल्पनिक बेट ग्रीसच्या लेम्नॉस बेटावर बेतलेले असून त्याचा विस्तार सुमारे २७० चौरस किलोमीटर आहे. एवढे बेट पायी ओलांडायचे तर खेळाडूचे कित्येक तास जातील. म्हणूनच तेथे हेलिकॉप्टर चालवणाऱ्याला मोल आहे.

याच कंपनीने २०११ मध्ये ‘टेक ऑन हेलिकॉप्टर्स’ नावाचा केवळ उड्डाणाला वाहिलेला खेळ काढला होता. त्यातील उड्डाणाचे गणित २०१४ साली ‘आर्मा ३’मध्ये आणण्यात आले. हे प्रगत गणित ऐच्छिक आहे. ते निवडणाऱ्याला वारा, वजन, इंजिनाची ताकद आणि पात्यांखालची हवा या साऱ्यांशी सामना करावा लागतो. म्हणून या लेखातील उदाहरणे मुख्यतः याच खेळाच्या आधारे दिली आहेत.

दांडीवरचा हात

मोटार चालवणाऱ्याला वाटते की, चाक फिरवले की गाडी वळते आणि पाय दाबला की ती धावते. हेलिकॉप्टरमध्ये प्रत्येक कृतीचा परिणाम दुसऱ्या दोन गोष्टींवर होतो. ‘कलेक्टिव्ह’ नावाची दांडी वर उचलली की मुख्य पंख्याच्या सर्व पात्यांचा कोन एकदम वाढतो आणि यान वर उठते. ‘सायक्लिक’ नावाच्या दांडीने पंख्याचे प्रतल पुढे, मागे किंवा बाजूला कलते आणि यान त्या दिशेने सरकते. मुख्य पंखा एका दिशेने फिरत असल्यामुळे यानाचे धड उलट दिशेने फिरू पाहते. त्याला आवरण्याचे काम शेपटीकडचा छोटा पंखा करतो, आणि त्यावर पायाखालच्या पेडलांनी नियंत्रण ठेवले जाते. कलेक्टिव्ह उचलला की धड वळू लागते, म्हणून पेडल सांभाळावे लागते. नाक पुढे झुकवले की उंची कमी होते, म्हणून कलेक्टिव्ह पुन्हा सांभाळावा लागतो. साधा कळफलक आणि माउस वापरला, तरी ही साखळी चुकत नाही.

नवशिक्याची पहिली अडचण म्हणजे हाताची घाई. यान डावीकडे कलले की तो उजवीकडे जोराचा हिसका देतो. यानाला प्रतिसाद द्यायला क्षणभर वेळ लागतो. तेवढ्यात तो आणखी हिसका देतो. मग दोन्ही हिसक्यांचा परिणाम एकत्र येतो आणि यान झोके खात जमिनीवर आदळते. उपाय एकच: थोडे हलवावे, थांबावे, परिणाम पाहावा, मग पुन्हा थोडे हलवावे. सोन्याचा तराजू तोलणारा सराफ पारड्यात एकेक गुंज टाकतो आणि काटा स्थिर होण्याची वाट पाहतो, तसाच हा हात हवा. दृष्टीही यानाच्या नाकाजवळ खिळवून ठेवू नये; दूर क्षितिजावर ठेवावी. जवळ पाहणाऱ्याला प्रत्येक लहान हालचाल मोठी वाटते आणि त्याचा हात अस्थिर होतो.

सरावाचा क्रमही ठरलेला असावा. आधी लहान, हलके यान घ्यावे. ‘आर्मा ३’मधील ‘हमिंगबर्ड’ त्यासाठी योग्य आहे. प्रथम जमिनीपासून दोन-तीन मीटर उंचीवर एका जागी तरंगत राहण्याचा सराव करावा. त्या उंचीवर पात्यांनी खाली ढकललेली हवा जमिनीमुळे अडते आणि यानाला आधार मिळतो. हा आधार पंख्याच्या व्यासाएवढ्या उंचीपर्यंतच विशेष जाणवतो. त्यानंतर सरळ रेषेत पुढे जाणे, चौकोनी फेरी मारणे, आणि शेवटी ठरलेल्या खुणेवर उतरणे. यासाठी शत्रू लागत नाही की गर्दी लागत नाही. ‘आर्मा ३’च्या संपादकात मोकळ्या धावपट्टीवर एकटे यान ठेवून हवा तेवढा सराव करता येतो, ‘स्क्वॉड’मध्ये ‘जेन्सन्स रेंज’ ही सरावाची जागा याचसाठी आहे. मागे आठ माणसे बसवून शिकायला सुरुवात करणे म्हणजे दुसऱ्याच्या भांडवलावर स्वतःचा धंदा शिकणे होय.

उतरण्याची विद्या

उडणे लवकर जमते. उतरणे उशिरा जमते. वेगाने आलेला नवशिक्या ठिकाणाच्या अगदी डोक्यावर येऊन थांबतो आणि तेथून सरळ खाली येऊ पाहतो. इथेच घात होतो. पुढचा वेग जवळजवळ नाही आणि खाली येण्याचा वेग जास्त, अशा स्थितीत यान स्वतःच्याच पात्यांनी खाली ढकललेल्या हवेच्या भोवऱ्यात सापडते. पाती फिरत असतात, इंजिन गर्जत असते, तरी यान खाली जातच राहते. वैमानिक याला ‘व्होर्टेक्स रिंग स्टेट’ म्हणतात. घाबरलेला हात अशा वेळी कलेक्टिव्ह आणखी वर उचलतो आणि भोवरा अधिकच प्रबळ होतो. सुटका उलट वागण्यात आहे: कलेक्टिव्ह थोडा खाली करावा, नाक पुढे झुकवून वेग घ्यावा आणि त्या हवेतून बाहेर पडावे. उताराने माल सुटत नाही म्हणून आणखी कर्ज काढत जाणारा दुकानदार ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ही स्थिती वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही.

म्हणून चांगला चालक दूरवरूनच तयारी करतो. तो जिन्यावरून उतरावे तसा तिरक्या रेषेत खाली येतो, वेग आणि उंची दोन्ही बरोबरीने कमी करत आणतो, शेवटी नाक हलकेच वर उचलून उरलेला वेग मोडतो आणि जमिनीपाशी यान सपाट करून टेकवतो. ताशी ३० ते ४५ किलोमीटरच्या खाली वेग आला की, पुढे सरकताना पंख्याला मिळणारा अधिकचा आधार नाहीसा होतो. त्या क्षणी कलेक्टिव्हची थोडी भर घालावी लागते. इंजिन बंद पडले तरी सर्व संपत नाही. कलेक्टिव्ह लगेच पूर्ण खाली केला, तर खालून वर येणारी हवा पाती फिरती ठेवते. त्या फिरण्यात साठलेली शक्ती जमिनीजवळ आल्यावर एकदाच वापरून यान टेकवता येते. शक्ती एकदाच वापरता येते, म्हणून ती कधी वापरायची हे आधीच ठाऊक असावे लागते.

अमेरिकेत खाजगी हेलिकॉप्टर परवान्यासाठी किमान ४० तासांचे प्रत्यक्ष उड्डाण आवश्यक असते. खेळातील यान प्रत्यक्ष यान नव्हे आणि खेळात पारंगत झालेला मुलगा वैमानिक होत नाही, हे मुलांना स्पष्ट सांगितले पाहिजे. तरीही ज्या विद्येला जाणत्यांनाही इतके तास द्यावे लागतात, ती दोन संध्याकाळी येत नाही म्हणून निराश होण्याचे कारण नाही.

मागे बसलेल्यांचा विश्वास

उड्डाण जमले म्हणजे चालक तयार झाला असे नाही. वाहतूक करणाऱ्या हेलिकॉप्टरमध्ये मागे बसलेले खेळाडू प्रवासात काहीही करू शकत नाहीत. त्यांचा सारा भार एका माणसाच्या हातावर असतो. त्याची प्रशंसा किती जणांना लोळवले यावर होत नाही. किती जणांना सुखरूप पोचवले आणि पुढच्या फेरीला किती लवकर परतला, यावर होते.

असा चालक निघण्यापूर्वी नकाशा पाहतो. तो डोंगराच्या आडून, दरीतून, झाडांच्या शेंड्यांजवळून जातो; उघड्या आकाशात उंच जात नाही. ज्या वाटेने गेला त्याच वाटेने परत येत नाही. चकमकीच्या मधोमध न उतरता एखाद्या टेकडीआड, काहीशे मीटर मागे उतरतो आणि प्रवाशांना उरलेले अंतर पायी जाऊ देतो. थोडे चालावे लागल्याबद्दल कुणी कुरकुर केली तरी तो आपला निर्णय बदलत नाही. उतरण्यापूर्वी तो मोजक्या शब्दांत सूचना देतो, शेवटचा माणूस उतरल्याची खात्री करतो आणि मगच उठतो. जागा असुरक्षित दिसली तर वळून दुसरी फेरी मारतो. हट्टाने उतरत नाही. परत फिरण्याचे धैर्य हे या कलेतील सर्वांत अवघड कौशल्य आहे, कारण मागे बसलेले आठ जण त्याच वेळी घाई करत असतात.

परिचयातील एका कापड व्यापाऱ्याच्या घरी आजोबांनी नातवाला सरळ विचारले, “आज किती माणसं मारलीस रे?”

“एकही नाही, आजोबा. मी फक्त सोडून येतो.”

“कुठे सोडून येतोस?”

“लढाईच्या जागी.”

आजोबा यावर काही बोलले नाहीत. परंतु त्या तीन वाक्यांत या विषयाचे सारे मर्म आलेले आहे.

कृत, कारित, अनुमोदित

आपल्या शास्त्रात हिंसेचा विचार केवळ हाताच्या कृतीपाशी थांबत नाही. स्वतः केलेले, दुसऱ्याकडून करवलेले आणि दुसऱ्याने केलेल्याला दिलेले अनुमोदन, या तिन्हींचा हिशेब मांडला जातो. तेव्हा ‘मी गोळी झाडत नाही, फक्त पोचवतो’ हे उत्तर ऐकायला गोड असले, तरी श्रावकाला पुरेसे नाही.

दुसरा युक्तिवाद असा की, तेथे कुणी मरतच नाही. पडद्यावरचे ते ठिपके आहेत. याचे उत्तर आपल्या परंपरेने हजार वर्षांपूर्वीच एका कथेतून दिलेले आहे. सोमदेवसूरींनी दहाव्या शतकात ‘यशस्तिलक’ रचले आणि जन्न कवीने १२०९ मध्ये कन्नडमध्ये ‘यशोधरचरिते’ लिहिले. दोन्हींचा विषय राजा यशोधर. अशुभ टळावे म्हणून देवीला जीवाचा बळी द्यावा, असा आईचा आग्रह. राजा नकार देतो. शेवटी तडजोड होते: जिवंत प्राण्याऐवजी पिठाचा कोंबडा करून त्याच्यावर शस्त्र चालवायचे. कोंबडा पिठाचा, रक्त नाही, वेदना नाही. तरीही राजा आणि त्याची आई यांना पुढे अनेक जन्म पशुयोनीत दुःख भोगावे लागले, कारण शस्त्र चालवताना मनात वधाचा संकल्प होता. द्रव्यहिंसा झाली नाही; भावहिंसा झाली.

पडद्यावरचा सैनिक हा आपल्या काळातील पिठाचा कोंबडा आहे. म्हणून ‘खोटेच तर आहे’ असे म्हणून विषय संपवता येत नाही. पण याच कथेचा दुसरा अर्थही ध्यानात घ्यावा. तिचा कस कोंबड्याच्या आकारावर नाही, मनातील संकल्पावर आहे. पीठ मळून कोंबडा घडवणारा आणि त्यावर तलवार उचलणारा, यांच्या भावांत अंतर असू शकते. तसेच एकाच खेळात बसलेल्या दोन मुलांच्या मनांतही अंतर असते. एकाला समोरचा पडला की आनंद होतो, हरला की तो शिव्या देतो, रात्री अंथरुणावरही सूडाचे बेत करतो. शास्त्रात अनर्थदंडाच्या प्रकारांत ‘अपध्यान’ म्हणजे कारणाविना दुसऱ्याच्या अनिष्टाचे चिंतन सांगितले आहे, ते हेच. दुसरा मुलगा वारा, वजन आणि उतार यांत गढलेला असतो आणि मागच्या आठ जणांची काळजी वाहत असतो. दोघांनाही एकच लेबल लावणे अन्यायाचे होईल. आणि दुसरा मुलगा सर्वस्वी निर्दोष आहे असे म्हणणे ही आत्मवंचना होईल. हाताचा संयम आणि मनाचा संयम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिला खेळ शिकवू शकतो. दुसरा घराने शिकवायचा असतो.

उचलून आणणारे यंत्र

मुलांना हेलिकॉप्टरचा इतिहासही सांगावा. युद्धातील त्याच्या पहिल्या कामगिरींपैकी एक प्राण वाचवण्याची होती. एप्रिल १९४४ मध्ये ब्रह्मदेशाच्या जंगलात जपानी फौजांच्या मागे अडकलेल्या एका वैमानिकाला आणि तीन जखमी ब्रिटिश सैनिकांना लेफ्टनंट कार्टर हारमन या अमेरिकन वैमानिकाने सिकोर्स्की यानातून बाहेर काढले. यान इतके अशक्त होते की एका वेळी एकच माणूस उचलता येई. म्हणून त्याने पुन्हा पुन्हा फेऱ्या मारल्या. आपल्या देशातही २०१३ च्या जूनमध्ये उत्तराखंडात महापूर आला तेव्हा अडकलेल्या यात्रेकरूंना वायुसेनेच्या हेलिकॉप्टरांनी बाहेर काढले. त्याच कामात एक एमआय-१७ कोसळून त्यातील वीसही जण मृत्युमुखी पडले.

खेळांच्या जगातही हा विचार पोचलेला आहे. ‘आर्मा ३’साठी सप्टेंबर २०१७ मध्ये ‘लॉज ऑफ वॉर’ नावाची पुरवणी प्रसिद्ध झाली. आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीच्या सहकार्याने ती तयार झाली होती. तिच्या कथेत खेळाडू एका मदतसंस्थेच्या वतीने युद्धानंतर जमिनीत उरलेले सुरुंग निकामी करतो, आणि युद्धाची झळ सामान्य माणसाला कशी लागते ते पाहतो. त्या वर्षीच्या विक्रीतील निव्वळ उत्पन्नाचा अर्धा वाटा निर्मात्यांनी रेडक्रॉसला दिला. याच खेळात हेलिकॉप्टरखाली दोरावर सामान लटकवून नेता येते, जखमींना मागे आणता येते. शत्रूविना, केवळ मदत पोचवण्याच्या मोहिमा संपादकात स्वतः रचताही येतात. उड्डाणाची विद्या तीच, पण संकल्प वेगळा.

घरातील हिशेब

मग घरात काय करावे? सरसकट बंदी घातली तर मुलगा मित्राच्या घरी खेळेल आणि आपल्याशी बोलणे मात्र थांबवेल. डोळेझाक केली तर आपण अनुमोदन दिल्यासारखे होईल. या दोहोंच्या मधली वाट सविचार आहे.

प्रथम वय पाहावे. ‘बॅटलफिल्ड ४’सारख्या खेळावर अमेरिकेतील मूल्यांकनात सतरा वर्षांवरील वयाची अट छापलेली असते, दहा-बारा वर्षांच्या मुलाला तो आणून देणे हा पालकांचा दोष आहे. दुसरे, काम निवडू द्यावे: वाहतूक, रसद, जखमींची सुटका. बंदूक लावलेले हल्ल्याचे हेलिकॉप्टर नको, असे ठरवता येते आणि त्याचे कारण यशोधराच्या कथेने सांगता येते. तिसरे, वेळेचे माप आपल्या परंपरेतच आहे. सामायिक एका मुहूर्ताचे, म्हणजे ४८ मिनिटांचे असते. एका बैठकीला तेवढाच वेळ द्यावा. आजी सामायिकाला बसल्या की नातवाने उड्डाणाला बसावे आणि त्या उठल्या की त्यानेही उठावे, इतका नियम साधा असू शकतो. चौथे, हेडफोनवर परक्यांशी काय बोलले जाते, ते अधूनमधून खोलीत बसून ऐकावे.

आणि रात्री प्रतिक्रमणाच्या वेळी एक प्रश्न विचारावा. आज जिंकलास की हरलास, हा तो प्रश्न नव्हे. खेळताना राग आला होता का, कुणाचे वाईट चिंतले का, आणि चिडून हिसका दिलास तेव्हा यानाचे काय झाले, हे विचारावे. हेलिकॉप्टर चालवणाऱ्या मुलाला या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर अनुभवाने ठाऊक असते. तेथून क्रोधाबद्दल बोलणे सोपे जाते.